नवशिक्या किशोरवयीन चालकाच्या हाती मागच्या चाकांवर चालणारी शक्तिशाली स्पोर्ट्स कार द्यावी का?

संथगती (धागाकर्ता)

माझ्या मुलीला नुकताच वाहनचालक परवाना मिळाला आहे आणि तिचे मन एका वापरलेल्या, आठ सिलिंडरच्या, मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या दोन दारी कूपेवर जडले आहे. गाडीची शक्ती चारशे अश्वशक्तीहून अधिक आहे. घरात दोन तट पडले आहेत. तिच्या मामांच्या मते अशी गाडी माणसाला खरे ड्रायव्हिंग शिकवते, कारण तिथे चूक लपत नाही. तिच्या आईच्या मते जिथे चूक लपत नाही, तिथे ती भोगावीही लागते.

मला गाड्यांची बऱ्यापैकी आवड आहे, तरी या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः ठामपणे देऊ शकत नाही. धोका नेमका कशात आहे, मागच्या चाकांना शक्ती मिळण्यात की मुळात इतकी शक्ती असण्यात? आणि आजकालची इलेक्ट्रॉनिक साधने व एखादे चांगले प्रशिक्षण मिळून हा धोका पुरेसा कमी करतात का? कृपया केवळ "देऊ नका" किंवा "देऊन टाका" असे न लिहिता कारणे द्यावीत.

वंगण

आपण दोन प्रश्न वेगळे केलेत हे बरे झाले, कारण या विषयावरच्या बहुतेक चर्चा ते एकत्र करूनच भरकटतात. थोडे मुळापासून लिहितो.

गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठिगळांनी. प्रत्येक टायरची पकड मर्यादित असते आणि ती पकड वेग वाढवणे, वेग कमी करणे आणि वळणे या तिन्ही कामांत वाटून द्यावी लागते. वळणावर टायरची बहुतेक पकड गाडीला वळवण्यात खर्ची पडत असेल, तर त्याच टायरकडून आणखी जोराने पुढे ढकलण्याची अपेक्षा केल्यावर तो घसरू लागतो. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत वळवण्याचे आणि ओढण्याचे काम एकाच जोडीकडे असल्यामुळे आधी पुढचा भाग घसरतो आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ लागते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्यास मागची जोडी आधी सुटते आणि गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते, ज्याला ओव्हरस्टिअर म्हणतात.

आता खरी मेख पाहा. घाबरलेला माणूस काय करतो? तो अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढतो आणि बहुधा ब्रेक दाबतो. अंडरस्टिअरमध्ये ही सहजप्रवृत्ती बरीचशी उपकारक ठरते, कारण वेग कमी होतो, वजन पुढे सरकते, पुढच्या टायरांना पकड परत मिळते आणि गाडी पुन्हा वळू लागते. शेपूट सुटत असताना मात्र तेच वजन मागच्या चाकांवरून उचलले जाते, म्हणजे जी चाके आधीच घसरत आहेत त्यांचीच पकड आणखी घटते. तिथे आवश्यक असते ते घसरणाऱ्या दिशेला तत्काळ आणि मोजके स्टिअरिंग वळवणे, पाय हळुवारपणे उचलणे, आणि शेपूट परत येऊ लागताच स्टिअरिंग वेळेत सरळ करणे. हा शेवटचा भाग चुकला तर गाडी उलट्या दिशेला झोका घेते आणि दुसरा झोका पहिल्यापेक्षा वाईट असतो. नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया एका प्रकारच्या गाडीत त्याला वाचवते आणि दुसऱ्या प्रकारच्या गाडीत त्याच्यावरच उलटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीविरुद्धचा प्रामाणिक आक्षेप एवढाच आहे, पण तो लहान नाही.

जुनी_चौकट

वरील विवेचन बिनचूक आहे, तरी त्यातून निघणारी भीती मला अतिरंजित वाटते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या सर्वत्र रूढ होण्यापूर्वी जगातील बहुतेक लोक मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांवरच शिकले. फोक्सवॅगन बीटलचे तर इंजिनही मागे होते आणि मागच्या निलंबनाची (सस्पेन्शनची) रचना आजच्या मानाने बेभरवशाची होती, तरीही पिढ्यान् पिढ्या त्यांवर तयार झाल्या. मग अचानक आजच्या मुलांना ते झेपणार नाही असे आपण का धरून चालतो? उलट त्या चालकांना गाडीचे वजन कुठे आहे, टायर काय सांगत आहेत, याची जी जाण होती ती आज दुर्मीळ झाली आहे.

वंगण

ज्या बीटलचा आपण उल्लेख केलात, तिच्या सुरुवातीच्या दशकांतील इंजिनाची शक्ती साधारण तीस-चाळीस अश्वशक्ती होती. कोरड्या रस्त्यावर त्या इंजिनाने मागचे टायर घसरवायचे म्हटले तरी घसरत नसत. म्हणजे ती मागच्या चाकांची गाडी असली, तरी शक्तीच्या जोरावर शेपूट सोडण्याची तिची ऐपतच नव्हती. शिवाय त्या काळी रस्त्यांवरील मृत्यूंचे प्रमाण, धावलेल्या अंतराच्या हिशेबाने, आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होते. जे वाचले तेच आठवणी सांगायला उरले, हेही विसरू नये.

उलट उदाहरण हवे असेल तर १९७५ मध्ये आलेली पोर्शे ९११ टर्बो घ्या. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, २६० अश्वशक्ती आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्रणेचा) जोर उशिरा, पण एकदम येणारा. वळणाच्या मध्यावर चालकाने जोराची वाट पाहत पाय दाबून ठेवायचा, तो नको त्या क्षणी यायचा, घाबरून पाय काढला की मागचे जड वजन शेपूट फेकायचे. अनुभवी चालकांनाही तिने धडे शिकवले आणि तिला "विधवा करणारी" असे टोपणनाव मिळाले.

धागाकर्त्यांच्या गाडीकडे वळतो. सुमारे १७०० किलो वजन आणि सव्वाचारशे ते साडेचारशे अश्वशक्ती अशी आठ सिलिंडरची कूपे धरली, तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन मागच्या चाकांवर जेवढा जोर टाकू शकते तो ओल्या रस्त्यावर टायर पेलू शकतील त्याच्या कित्येक पट असतो, आणि दुसऱ्या गिअरमध्येही दुपटीहून अधिक भरतो. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ढोबळमानाने ०.७ ते ०.९ असतो, ओल्यावर तो अर्ध्यापर्यंत घसरू शकतो, पण इंजिनाला पाऊस पडल्याचे कळत नाही. काल कोरड्या रस्त्यावर पायाला जी सवय लागली तीच आज ओल्या वळणावर महागात पडते. नव्वद अश्वशक्तीच्या गाडीत पाय थोडा जास्त दाबला गेला तर इंजिनाचा आवाज वाढतो, एवढेच घडते.

म्हणून माझे मत असे की चाकांची जोडी हा दुय्यम मुद्दा असून शक्ती हा मुख्य मुद्दा आहे. चूक आणि तिचे परिणाम यांच्यामध्ये नवशिक्याला जी थोडी फट लागते, ती फट जादा शक्ती खाऊन टाकते.

तिसरे_पेडल

शक्ती मुख्य मुद्दा असेल तर नियमही तसेच असायला हवेत, आणि काही ठिकाणी ते खरोखर तसे आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स यांसारख्या राज्यांत तात्पुरत्या परवान्यावरील नव्या चालकांना प्रतिटन १३० किलोवॅटपेक्षा अधिक शक्ती असलेल्या गाड्या सर्वसाधारणपणे चालवता येत नाहीत. पूर्वी तिथे आठ सिलिंडर किंवा टर्बो यांवर सरसकट बंदी असे, पण छोट्या टर्बो इंजिनांच्या जमान्यात ती निरर्थक ठरल्यामुळे शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराचा निकष आला. इटलीतही नव्या परवानाधारकांसाठी अशाच गुणोत्तराची मर्यादा आहे. या निकषांत गाडीची कोणती चाके फिरतात याचा विचारच केलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

या मापाने टोयोटा जीटी८६ पाहा. सुमारे २०० अश्वशक्ती म्हणजे १४७ किलोवॅट, वजन सुमारे साडेबाराशे किलो, म्हणजे प्रतिटन जवळपास ११८ किलोवॅट. ती चालते. धागाकर्त्यांची आठ सिलिंडरची कूपे प्रतिटन १९० च्या घरात जाईल. दोन्ही मागच्या चाकांच्या, दोन्ही स्पोर्ट्स कार, पण नियमाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून मी मध्यममार्ग सुचवतो. माझदा एमएक्स-५ किंवा जीटी८६ सारखी हलकी, मोजक्या शक्तीची, मागच्या चाकांची गाडी घ्यावी. ती कमी वेगातच आपल्या मर्यादा दाखवते, आणि दाखवते ते एकदम नव्हे तर पायरीपायरीने. एमएक्स-५ ला दोनच आसने आहेत, त्यामुळे मित्रमैत्रिणींचा घोळका गाडीत बसण्याचा प्रश्नच येत नाही, हा सुरक्षिततेच्या दृष्टीने तिचा न बोलला जाणारा गुण आहे.

सुरक्षापट्टा

आसनांच्या मुद्द्यापाशी थांबावेसे वाटते, कारण आतापर्यंतच्या चर्चेत गाडीवर पुष्कळ लिहिले गेले आणि चालकावर जवळजवळ काहीच नाही.

अमेरिकेतील आकडेवारीनुसार १६ ते १९ वयोगटातील चालकांचे प्राणघातक अपघातांचे प्रमाण, धावलेल्या अंतराच्या हिशेबाने, वीस वर्षे व त्यावरील चालकांच्या जवळपास तिप्पट असते. या वयोगटातही धोका सर्वकाळ सारखा नसतो. मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकत असताना अपघात फारच कमी होतात, आणि परवाना मिळून एकट्याने गाडी चालवू लागल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते एकदम उसळी घेतात. धागाकर्त्यांची मुलगी नेमकी याच टप्प्यावर उभी आहे. गाडीच्या ओढण्या-ढकलण्यापेक्षा हे वेळापत्रक मला अधिक महत्त्वाचे वाटते.

दुसरे म्हणजे सोबती. समवयस्क मित्र शेजारी असताना किशोरवयीन चालकाचा धोका वाढतो आणि मित्रांच्या संख्येबरोबर तो आणखी वाढत जातो. दोन आसनांच्या गाडीत मित्र एकच बसतो हे खरे, पण धोका त्या पहिल्या मित्रापासूनच वाढू लागतो. शिवाय हजार किलोच्या आसपास वजनाची, बुटकी गाडी जड वाहनाला धडकली तर वजनाचा तोटा हलक्या गाडीतील माणसांच्याच वाट्याला येतो. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्था किशोरवयीनांना गाडी सुचवताना जास्त अश्वशक्ती टाळा, फार छोट्या व हलक्या गाड्या टाळा आणि स्थिरता नियंत्रण प्रणाली असल्याशिवाय गाडी घेऊच नका, असे सांगते ते उगीच नव्हे. एमएक्स-५ या सल्ल्यातील पहिल्या अटीत बसेल, दुसरीत बसणार नाही.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली, आणि नंतर ती अनेक देशांत गेली. रात्री एकट्याने गाडी न चालवणे, समवयस्क प्रवाशांवर मर्यादा, मग हळूहळू पूर्ण मोकळीक, असे तिचे स्वरूप असते. आपल्याकडे कायदा काहीही सांगत असला तरी ही पद्धत घरात लागू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरे_पेडल

हलक्या गाडीच्या वजनाचा आक्षेप मान्य आहे आणि तो माझ्या सूचनेला खरोखरच लंगडा करतो. मात्र घसरड्या मैदानावर प्रशिक्षकासोबत दोन-तीन दिवस घालवले तर मागच्या चाकांचा प्रश्न बराचसा सुटतो, हे माझे मत मी सोडलेले नाही. शेपूट सुटल्यावर काय करायचे हे पुस्तकातून कळत नाही, ते पाठीला आणि हातांना कळावे लागते.

सुरक्षापट्टा

हा युक्तिवाद इतका पटण्यासारखा आहे की नॉर्वेने तो अमलातही आणून पाहिला. तिथे १९८० च्या दशकात नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावरील वाहन-नियंत्रणाचे प्रशिक्षण दिले गेले, पण त्यानंतरच्या अभ्यासात तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले. कारण विचित्र असले तरी समजण्यासारखे आहे. कौशल्य थोडे वाढले आणि आत्मविश्वास फार वाढला. जो आधी बर्फ पाहून वेग कमी करत होता, तो आता "मला सावरता येते" असे मानून वेग कमी करेनासा झाला. त्यानंतर स्कँडिनेव्हियातील प्रशिक्षणाचा रोख बदलला. गाडी किती सहज हातातून निसटते आणि ती आपल्याला सावरता येत नाही, याचा अनुभव देऊन चालकाला सावध करणे हा त्याचा उद्देश बनला.

म्हणून प्रशिक्षणाला माझा विरोध नाही, मात्र प्रशिक्षकाला आधी विचारा की दिवसाच्या शेवटी विद्यार्थी काय म्हणत बाहेर पडतो. "आता मला येते" असे म्हणत असेल तर ते पैसे वाया गेले असे समजावे.

संथगती (धागाकर्ता)

प्रशिक्षणाविषयीचा हा मुद्दा माझ्यासाठी अगदी नवा आहे. स्थिरता नियंत्रणाचा उल्लेख वर आला, त्यावर कोणी सविस्तर लिहील का? मामांचे म्हणणे असे की ती प्रणाली असताना शेपूट सुटतच नाही, त्यामुळे वंगण यांनी लिहिलेला सगळा धोका केवळ जुन्या गाड्यांपुरता आहे.

वंगण

मामा अर्धे बरोबर आहेत. ही प्रणाली बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये एस-क्लासमध्ये आणली. स्टिअरिंग कुठे वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे फिरत आहे, यांतील तफावत ती सतत मोजते, आणि तफावत वाढताच एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून व इंजिनाचा जोर कमी करून गाडी रेषेवर आणते. कोणत्याही माणसाला एकाच चाकाला ब्रेक लावता येत नाही, कारण त्याच्याकडे पेडल एकच असते. १९९७ मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमधील अडथळा चुकवण्याच्या चाचणीत उलटली आणि कंपनीने ही प्रणाली त्या गाडीत सरसकट बसवली. ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती, हे जाता जाता नोंदवतो. एकट्या वाहनाच्या प्राणघातक अपघाताचा धोका या प्रणालीमुळे जवळपास निम्म्याने घटतो. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून सर्व नव्या कारमध्ये ती सक्तीची आहे.

आता दुसरा अर्धा भाग. ती उपलब्ध पकडीचा उत्तम वापर करते, नवी पकड निर्माण करत नाही. वळणाला झेपेल त्यापेक्षा गाडी फारच वेगात शिरली तर चारही टायरांची पकड संपलेली असते आणि संगणकाकडे वाटायला काही उरत नाही. शून्यावरून शंभरावर पाच सेकंदांच्या आत पोहोचणाऱ्या गाडीत तो फारचा वेग गाठायला एक छोटा सरळ पट्टा पुरतो, आणि ताशी शंभर किलोमीटरला गाडी दर सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते.

शिवाय स्पोर्ट्स कारमध्ये ही प्रणाली बंद करण्याचे बटण असते. पुष्कळ गाड्यांत ते एकदा दाबल्यास केवळ ट्रॅक्शन कंट्रोल (जास्त जोराने चाके जागीच घसरून फिरू न देणारी सोय) बंद होते आणि काही सेकंद दाबून धरल्यास सगळेच बंद होते. काही गाड्यांचे "ट्रॅक" मोड हेच काम सभ्य नावाने करतात. मित्रांसमोर ते बटण दाबले जाणार नाही अशी हमी कोण देणार? फोर्डच्या "मायकी" व्यवस्थेत मुलांसाठी वेगळी किल्ली ठरवून कमाल वेगावर मर्यादा घालता येते आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची सोय काढून घेता येते. शेव्हर्लेच्या "टीन ड्रायव्हर" मध्येही अशीच व्यवस्था असून प्रवासानंतर पालकांना अहवाल पाहता येतो. निवडलेल्या गाडीत असे काही असेल तर ते पहिल्या दिवशीच चालू करावे आणि मुलीला तसे सांगावे. गुपचूप केले तर विश्वास तुटतो.

जुनी_चौकट

एक भर घालतो, जी माझ्याच आधीच्या मताला थोडी छेद देते. आज अनेक इलेक्ट्रिक गाड्या मागच्या चाकांवरच चालतात, फोक्सवॅगन आयडी.३ सारख्या साध्या कौटुंबिक गाड्यासुद्धा, आणि त्या चालवणाऱ्या कित्येकांना आपली कोणती चाके फिरतात हे माहीतही नसते. मोटरचा जोर इंजिनापेक्षा फार वेगाने कमी-जास्त करता येत असल्यामुळे घसरण सुरू होतानाच ती दाबली जाते. त्यामुळे "मागची चाके म्हणजे धोका" हे समीकरण मोडले आहे. पण त्याच गाड्यांच्या वेगवान आवृत्त्यांत जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, आणि आवाज नसल्याने वेग किती वाढला याची कानांना खबर लागत नाही. शक्तीवरचा आक्षेप म्हणजे तिथे अधिकच लागू पडतो.

तिसरे_पेडल

वापरलेली गाडी घ्यायचीच असेल तर टायरांविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. हौसेने घेतलेल्या जुन्या शक्तिशाली कूपे पुष्कळदा कमी धावतात, त्यामुळे टायरची नक्षी खोल दिसते पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूवर चार अंकांचा निर्मिती-संकेत असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असे लिहिलेले असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि त्याची नक्षी कितीही चांगली दिसली तरी तो बदलावा. उन्हाळी स्पोर्ट टायर थंडीत, साधारण सात अंशांच्या खाली, कडक होतात आणि पहिल्या काही किलोमीटरांत त्यांची पकड विशेष कमी असते. दोनच नवे टायर घ्यायचे झाल्यास ते मागे बसवावेत, मग गाडीची कोणतीही चाके फिरत असोत, कारण मागची पकड आधी सुटणे सावरायला जास्त कठीण असते.

हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल तर आणखी एक. ओल्या वळणात शिरताना घाईने खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर इंजिनाचा रोध मागच्या चाकांनाच बसतो आणि ब्रेकला हातही न लावता शेपूट सुटू शकते. हे मुलीला आधी सांगून, मग मोकळ्या जागी कमी वेगात दाखवावे.

संथगती (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आठ सिलिंडरची कूपे सध्या बाजूला ठेवावी असे आता वाटते आणि मुलीने हा धागा स्वतः वाचला आहे. तिचा एकच प्रश्न आहे, जो मी जसाच्या तसा देतो: "आता नाही, हे मला पटले. मग केव्हा?"

सुरक्षापट्टा

तिला सांगावे की याचे उत्तर वाढदिवसावरून ठरत नाही. पहिले वर्ष मध्यम आकाराच्या, मोजक्या शक्तीच्या, स्थिरता नियंत्रण असलेल्या गाडीत जावे, कोणत्याही चाकांच्या. त्या वर्षात पाऊस, रात्र, महामार्ग, गर्दी, लांबचा प्रवास आणि मित्रांनी भरलेली गाडी हे सगळे एकेक करून, या क्रमाने नसले तरी वेगवेगळे, तिच्या वाट्याला यावे. गाडीने स्थिरता नियंत्रणाचा दिवा लुकलुकवून हस्तक्षेप केला की तो का केला हे तिला सांगता येऊ लागले, आणि असे प्रसंग हळूहळू विरळ झाले, की पुढची पायरी म्हणून जीटी८६ च्या वर्गातील गाडीचा विचार करावा. चारशे अश्वशक्तीचा विषय त्यानंतर, आणि शक्यतो पहिल्यांदा बंदिस्त ट्रॅकवर, प्रशिक्षक शेजारी असताना. तोवर मामांना त्यांची स्वतःची गाडी त्याच ट्रॅकवर आणायला सांगावे. तिला शेजारच्या आसनावर बसूनही बरेच पाहता येईल.